डाव्या पंखाचा तिसरा खण

१

विमान रविवारी सकाळी सातला उडायचं होतं, आणि गुरुवार दुपार झाली तरी त्याच्या अंगावर कातडी चढली नव्हती.

नूतन फेगडे तिला कातडीच म्हणायची. दोन महिने खपून तिने बाल्सा लाकडाच्या फासळ्या कापल्या, घासल्या, एकापुढे एक चिकटवल्या आणि दोन मीटर पंखांचा सांगाडा उभा केला. आता त्यावर पिवळी फिल्म चढवायची होती. पतंगाच्या कागदासारखी पातळ, आरपार उजेड दिसेल अशी, खालून गोंद लावलेली. आधी छोट्या इस्त्रीने कडा लाकडाला चिकटवायच्या, मग मधल्या भागावरून गरम हवा फिरवायची. फिल्म आक्रसते, सुरकुत्या पळतात आणि पंख ढोलकीसारखा ताठ होतो. त्यावर रंगाचा पट्टा, पट्ट्यावर लॅकरचे दोन हात, की झालं.

या कामाचा एकच वैरी, धूळ. मे महिन्यात फैजपूरच्या घरात धूळ नाही असा कोपरा शोधायचा म्हणजे कठीण. म्हणून तिने चुडामण नानांचं चेंबर मागून घेतलं होतं. सावदा रस्त्याला नानांची केळी पिकवायची चार चेंबरं ओळीने उभी आहेत. तीन चालू होती. चौथं दोन वर्षं रिकामं होतं. जाड पांढऱ्या पॅनेलच्या भिंती, खिडकी नाही, एक ट्यूबलाइट, आणि कडेने रबर लावलेलं असं दार की लोटलं की हवासुद्धा आत-बाहेर करत नाही. दोन वर्षांत एक घड आत आला नव्हता, तरी पिकल्या केळ्याचा गोड वास भिंतींनी सोडला नव्हता. त्या वासाला चिलटं येत. तेवढं सोडलं तर जागा झकास होती.

पुण्याची नोकरी सोडून ती या विमानासाठी आली होती. ड्रोन बाहेरून आणायचा, बिघडला की बाहेर पाठवायचा आणि हंगाम निघून गेल्यावर परत येतो म्हणून कपाळाला हात लावायचा, हे तिला मान्य नव्हतं. इथल्या हातांनी बनलेलं, इथेच दुरुस्त होणारं विमान हवं. त्याच्या पोटात कॅमेरा, आणि खाली केळीच्या बागा. करपा कुठून शिरतोय ते वरून आठ दिवस आधी कळलं, तर बागच्या बाग वाचते. हे ती इतक्या वेळा आणि इतक्या तावातावाने सांगे की घरचे आता ऐकल्यासारखं करून उठून जात. शेवटी नानांनीच शब्द टाकून चाळीस बागायतदार रविवारी मैदानात बोलावले होते. ते एकदाच येणार होते. विमान पडलं, तर पुन्हा कोणी मान वर करून बघणार नव्हतं.

पाच वाजता नाना दारात आले.

"आटोप व पोरी. पाच वाजले."

"नाना, अर्धा तास."

"रोजचा तुझा अर्धा तास. जेवायची घाई, बोलायची घाई, आणि निघायचं म्हटलं का अर्धा तास."

ती हात पुसत बाहेर आली. नानांनी दार ओढण्याआधी शेजारच्या पॅनेलवर तळहाताने दोन थापा मारल्या आणि कान लावून उभे राहिले. मग दार लोटलं, कडी टाकली. हे ते रोज करत.

"मी तर बाहेर उभी आहे," नूतन म्हणाली. "आत कोण असणार?"

"असो का नसो. थाप दिल्याबिगर चेंबर बंद करायचं नाही. आत पंखे चालू असले का हाक ऐकू जात नाही, थाप जाते. आत माणूस असला तर तोबी उलटून दोन मारतो. मग दार लावायचं नाही."

"आली आहे का कधी उलटी थाप?"

नाना कडीला कुलूप घालत होते. कुलूप नीट बसलं की नाही ते त्यांनी दोनदा ओढून पाहिलं.

"चाल," ते म्हणाले. "चहा सांगेल आहे."

२

चूक तिचीच होती, आणि ती तिला शुक्रवारी सकाळी कळली.

दोन फासळ्यांमधला प्रत्येक खण फिल्म चढवली की चहूकडून बंद होतो. तापवताना आतली हवा फुगते, तिला वाट हवी. म्हणून फासळ्या चिकटवण्याआधी प्रत्येकीला सुईएवढं भोक पाडून ठेवायचं असतं. साधी गोष्ट. नूतनने सगळ्या फासळ्यांना भोकं पाडली होती, फक्त डाव्या पंखाच्या दोन शेजारच्या फासळ्या सोडून. त्या दोन एका संध्याकाळी घाईत चिकटवल्या होत्या.

बाकीच्या खणांवर गरम हवा फिरली तशी फिल्म चरचरत बसली. डावीकडचा तिसरा खण मात्र पुरीसारखा टम्म फुगला.

खरं म्हणजे तिथली फिल्म काढून भोक पाडून पुन्हा चढवायला हवी होती. अर्धा दिवस गेला असता. 'थंड झालं की बसेल,' असं ती स्वतःला म्हणाली आणि उजव्या पंखाकडे वळली.

दुपारी ती पंखासमोर उलट्या कॅरेटवर बसून डबा खात होती. कळण्याची भाकरी आणि ठेचा. तिसरा खण अजून फुगलेलाच होता. ती चावता चावता त्याच्याकडे बघत होती, आणि तिला दिसलं की तो खाली जातोय. चला, बसला एकदाचा.

मग तो वर आला.

पुन्हा खाली गेला. पुन्हा वर आला.

नूतनने भाकरी ठेवली. पंखा बंद होता. दार फटीपुरतं उघडं होतं, पण बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. शेजारच्या चेंबरचा कॉम्प्रेसर असेल, त्याने भिंत थरथरत असेल. तिने भिंतीला हात लावला. घरघर होती, पण ती एकसारखी. खण मात्र हळूहळू वर येत होता, क्षणभर थांबत होता आणि खाली जात होता.

तिच्या लक्षात आलं की तो तिच्या श्वासाबरोबर हलतोय.

मग तर सोपं होतं. आपण इतक्या जवळ बसलोय, आपल्याच उच्छ्वासाने फिल्म हलते. तिने श्वास रोखला. खण थांबला. बघा, म्हटलं ना. तरी खात्री करायची म्हणून ती मनात आकडे मोजू लागली. वीस. तीस. कानात ठोके वाजायला लागले. चाळीस.

तिने श्वास घेतला नव्हता. आणि खण वर आला.

ती बाहेर उन्हात जाऊन उभी राहिली. समोर केळीची पानं उन्हाने लोंबली होती. दोन मजूर टेम्पोत कॅरेट चढवत एकमेकांच्या बायकांवरून थट्टा करत होते. पंचेचाळीस डिग्रीत डोळ्यांपुढे काय वाटेल ते हलतं, असं तिने स्वतःला बजावलं. रविवार परवावर आला होता. ती आत गेली आणि त्या खणाकडे न बघता शेपटीला फिल्म चढवत राहिली.

३

रंगाला अरशद आला. सावद्याला त्याचं मोटरसायकली रंगवायचं दुकान होतं, आणि शाळेत तो नूतनच्या मागच्या बाकावर बसायचा. शनिवारी जेवणवेळ टळल्यावर तो कॉम्प्रेसर, गन आणि मरून रंगाचा डबा घेऊन उतरला.

"इंजिनियर बाई, हे उडणार?"

"नाही, लोणच्याला घालायचंय."

"नाही, वजन बघा ना. माझ्या गाडीच्या आरशाएवढंपण नाही." त्याने पंख दोन बोटांवर तोलला. "आमच्या अब्बांना सांगितलं विमान रंगवायला चाललोय. ते म्हणाले, आधी त्या सायकलवाल्याचा मडगार्ड दे, आठ दिवस झाले."

नूतन हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. माणूस आत आला की चेंबर नुसतं चेंबर वाटत होतं.

रंगाआधी फिल्म किती ताठ झाली ते बघायचं असतं. ती पंखाच्या टोकापासून एकेका खणावर टिचकी मारत गेली. धुम्. धुम्. धुम्. सगळे खण एका सुरात बोलत होते. तिसऱ्या खणाशी तिचं बोट अडलं, पण अरशद बघत होता. तिने टिचकी मारली.

धुम्. आणि लगेच, आतून, दोनदा. धुम् धुम्.

"घुमतं इथे," अरशद म्हणाला.

"हो ना. रिकामी खोली."

त्याने चिकटपट्ट्या लावल्या, कागद लावले, तोंडाला रुमाल बांधला आणि दोन्ही पंखांवरून मरून पट्टा मारला. हात कसलेला होता. कुठे ओघळ नाही, कुठे डाग नाही. पाच मिनिटं थांबून त्याने चिकटपट्टी सोलली, वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"काय मॅडम. ओल्या रंगाला हात लावला?"

"मी इकडे उभी आहे. केव्हा लावणार?"

"मग हे काय आहे?"

तिसऱ्या खणावर चार उंचवटे ओळीत होते, पाचवा जरा बाजूला आणि खाली. अरशदने ट्यूबलाइटच्या उजेडात पंख तिरपा केला. रंग कुठेच फाटला नव्हता, पुसला नव्हता. बोट वरून टेकलं असतं तर खळगा पडला असता. हे खालून वर आलेले होते.

दोघंही पंखावर वाकले. ते बघत असतानाच उंचवटे एकेक करून बसले, करंगळीपासून सुरू होऊन.

"हवा आहे," नूतन म्हणाली. "त्या खणात हवा अडकलीय. मी भोक पाडायला विसरले."

"हवाच असेल." अरशदने गन उचलली, पुसली, पुन्हा पुसली. "थिनर संपलंय. लॅकरला लागेल. सावद्याहून घेऊन येतो, तासाभरात."

"थिनर तर भरलेला डबा…"

"तो जुना आहे. दार लावून घ्या, रंग ओला आहे. चिलट बसलं तर सगळं पुन्हा करावं लागेल."

त्याची गाडी पहिल्या किकमध्ये सुरू झाली नाही. दुसऱ्या, तिसऱ्या किकचा आवाज आला. मग ती गेली.

४

तिने दार लोटलं. आतून दाबायची मूठ होती, ती दाबून, दार उघडून, पुन्हा लोटून पाहिलं. मूठ चालत होती.

मग ती कॅरेटवर बसली आणि जुन्या वहीच्या पुठ्ठ्याने चिलटं हाकत राहिली. आठ-दहा चिलटं होती. ओल्या रंगाकडे येत, पुठ्ठा हलला की मागे सरत. अशी पंधरा मिनिटं गेली असतील. तिच्या लक्षात आलं की चिलटं सगळीकडे येतात, तिसऱ्या खणावर मात्र येत नाहीत. तो फुगून बसला होता. वर, खाली. वर, खाली.

एका टाचणीचं काम होतं. पंखाच्या खालच्या बाजूने एक टोचा मारायचा, हवा निघून जाईल, उरलेलं भोक कोणाला दिसणारही नाही. हे शुक्रवारीच करायला हवं होतं. स्वतःच्या भित्रेपणाचा तिला राग आला. चाळीस माणसांपुढे विज्ञान सांगणार आणि इथे हवेच्या बुडबुड्याला घाबरून बसणार. तिने टाचणी उचलली आणि पंखाखाली हात घालून खालच्या पिवळ्या फिल्मला टोचली.

हवा बाहेर आली नाही.

बारीक, लांबलचक आवाज सुरू झाला, स्स्स, आणि तिला हाताच्या कातडीवर जाणवलं की हवा आत जातेय. खोलीतली हवा त्या भोकातून आत चालली होती. जवळचं एक चिलट डगमगलं, भोकाशी ओढलं गेलं आणि दिसेनासं झालं. क्षणभराने ते फिल्मच्या आतल्या बाजूने चालताना दिसलं. ते खूप वेळ चालत होतं. खण वीतभरही नव्हता, आणि ते चालत होतं.

तिने भोकावर बोट दाबलं. बोट ओढलं गेलं. नेटाने सोडवलं तेव्हा त्यावर लाल ठिपका उठला होता. आवाज पुन्हा सुरू झाला.

घाट उतरताना बसमध्ये बसतात तसे तिचे कान बसले. भिंतीची पॅनेलं करकरली. तीन मिनिटं झाली, चार झाली. वीतभर नसलेल्या जागेत इतकी हवा कशी मावेल, हा प्रश्न तिने डोक्यात शांतपणे मांडला, आणि त्याच शांतपणे उठून दाराची मूठ दाबली.

मूठ दाबली गेली. दार हललं नाही.

अर्थात. हवा आत कमी झाली की बाहेरची हवा दाराला दाबणार, रबर चिकटून बसणार. पुस्तकात असतं तसं. तिने खांदा लावला, पाय लावला. कारण कळत होतं, त्याचा उपयोग काही नव्हता. श्वास तोकडा पडायला लागला. तिने मागे वळून पंखाकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती, कारण खोलीतला उजेड बदलला होता. पांढऱ्या भिंतींवर पिवळी झाक आली होती आणि ती दाट होत होती.

मग आवाज थांबला.

५

धाड. धाड.

दोन थापा. पाच वाजले होते. नाना आले होते.

तिला रडूच फुटणार होतं. अख्ख्या जगात दार लावण्याआधी विचारणारा एकच माणूस होता, आणि तो दाराशी उभा होता. आवाज एका भिंतीतून न येता चारी बाजूंनी आला होता, खूप मोठा, छताखाली उभं राहून मेघगर्जना ऐकावी तसा. ते बाजूला ठेवून तिने तळहात उचलला आणि भिंतीवर जोराने दोनदा मारला.

धुम्. धुम्.

भिंत कडक नव्हती. हाताखाली ती दबली आणि ताठ होऊन परत आली. पातळ होती.

ती पुन्हा मारत राहिली. पलीकडे नाना कान लावून उभे असणार. त्यांना ऐकू जायला हवं होतं. एवढ्यात गाडी थांबल्याचा आवाज आला. अरशद. त्याचं बोलणं खालून कुठूनतरी, विहिरीतून यावं तसं येत होतं. त्याला वेळ लागला म्हणून तो माफी मागत होता.

"झालं का व काम?" लांब कुठेतरी दार उघडलं आणि नानांनी विचारलं.

नूतनने ओरडायला तोंड उघडलं.

"झालं नाना," बाहेरून उत्तर आलं. "अरशद, दोन हात लॅकर मार, मग लावू दार. पंख मी धरते."

आवाज नूतनचा होता. शब्द जरा सावकाश निघत होते, बरेच दिवस न बोललेल्या माणसाच्या तोंडून निघावेत तसे.

गन फुसफुसली. वरून सगळीकडून थंड, तिखट वासाचा पाऊस पडल्यासारखा झाला, आणि मग भिंती आणखी थोड्या ताठ झाल्या.

६

किती वेळ गेला ते कळायला मार्ग नव्हता. मग पिवळ्या भिंतीत एका जागी ठिपक्याएवढा उजेड आला, सुईच्या टोकाएवढा.

जमीन थरथरू लागली. मोटरचा घोंघाट चढला. पायांखालचं तिरपं झालं आणि पोटात खड्डा पडला. नूतनने घसरत जाऊन भिंत धरली आणि ठिपक्याला डोळा लावला.

खाली हिरवे चौकोन होते. केळीच्या बागा, मधून पाट, पाटाच्या कडेने वस्त्या. सकाळचं ऊन तिरपं पडलं होतं. आणि एका बागेच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, पाटाला लागून, हिरव्यात फिकट पिवळी चकती होती. तिच्या पुढे आणखी दोन, पुसट. जमिनीवर उभं राहून कोणाला दिसल्या नसत्या. करपा असाच शिरतो. ती हेच दोन वर्षं सांगत होती. वरून दिसतं. खरंच दिसतं. एक क्षण ती कुठे आहे हे विसरून तिचा ऊर भरून आला.

विमान वळलं. मैदान खाली आलं. चाळीसएक माणसं माना वर करून उभी होती, कपाळावर हात धरून. नानांची पांढरी टोपी. शिट्टी वाजवणारा अरशद. आणि मधोमध, तिचाच निळा कुर्ता घालून, गळ्यात रिमोट अडकवलेली एक मुलगी. ती आभाळाकडे बघत नव्हती. मान खाली घालून हातांकडे बघत होती, नवे कपडे घातल्यावर बघतात तशी.

नूतनने भिंतीवर नख टेकवलं. भिंत म्हणजे फिल्मच होती, हे तिला कळलं होतं. नखाने ओरखडा काढला, जोर लावला, तर फाटेल. लॅकर असो नसो, फाटेल. वाऱ्याने चीर पंखभर पळेल.

आणि विमान चाळीस माणसांपुढे, बागेच्या डोक्यावर पडेल.

तिने आयुष्यात कशाचीच वाट पाहिली नव्हती. आता पाहिली. दोन मिनिटांचा प्रश्न होता. एकदा उतरू दे, त्यांना बघू दे, मग फाडते. ती नख टेकवून उभी राहिली. विमान एक फेरी मारून, मैदानाच्या टोकावरून, इतक्या अलगद उतरलं की तिला स्वतःला कधी उतरवता आलं नसतं. चाकं खडखडली, थांबली. टाळ्या वाजल्या.

माणसं जवळ आली. उजेडाचा ठिपका त्यांच्या सावल्यांनी मिचमिचला.

"माझ्या बागेचा कोपरा कॅमेऱ्यात दिसला म्हणतेस?" हा म्हातारा आवाज हिलाल आप्पांचा होता, गावातला सगळ्यात संशयी बागायतदार. "पुन्यांदा दाखव बरं पोरी. या खेपेला नदीकडून घे. मग माझ्या भावाचीबी बाग बघू."

"आमचीपण," कोणीतरी म्हणालं. "आमची बठ्ठी, सगळीच बाग पाटाकडे आहे."

"पाहिलं का?" नाना कौतुकाने अरशदला सांगत होते. "काल संध्याकाळपासून एकदाबी घाई केली नाही पोरीनं. शहाणी झाली."

नूतनने नखावर जोर द्यायला सुरुवात केली. फिल्मवर बारीक पांढरी रेघ उमटली. अजून थोडं.

"बघू ना आप्पा," बाहेरचा आवाज म्हणाला, सावकाश, गोड. "सगळ्यांची बघू. बॅटऱ्या आहेत. आज उडवू, उद्या उडवू. मला कसलीच घाई नाही."

मोटर सुरू झाली. पायांखालचं तिरपं झालं, मैदान खाली पडत गेलं आणि हिलाल आप्पांच्या बागेचा हिरवा चौकोन ठिपक्यात सरकला.

नूतनने नख मागे घेतलं.